काळी माती, सांडलेले तेल आणि सूक्ष्मजंतू

खनिज तेल भूगर्भात असते तोवर ते कोणासही बाधत नाही. ते वर आणावयाचे, शुद्ध करावयाचे, टाक्यांत भरावयाचे व इंजिनात जाळावयाचे ह्या सर्व खटाटोपात मात्र त्याचा काही अंश वाटेत सांडतोच. सांडलेले तेल मातीच्या कणांभोवती लेप देऊन बसते. मग त्या मातीत पाणी मुरेनासे होते, मुळांना हवा मिळेनाशी होते आणि तेलातील काही विषारी घटक पावसाच्या पाण्याबरोबर विहिरींच्या झऱ्यांपर्यंत उतरतात. बेंझीन हा अशा घटकांपैकी एक होय. तो पाण्यात थोडा विरघळतो आणि दीर्घकाळ शरीरात जात राहिल्यास रक्ताचा कर्करोग उत्पन्न करू शकतो. तेलकट माती ही केवळ अस्वच्छतेची बाब नव्हे. ती अन्नाची व पिण्याच्या पाण्याची बाब आहे.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास मध्य प्रदेशातील जबलपूर हे उदाहरण सोयीचे आहे. मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग १८७० साली येथे एकमेकांस मिळाले. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला आणि १९६९ साली सैन्याची वाहने बांधणारा कारखाना उभा राहिला. २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्य कार्यालय ह्याच शहरात आहे. जेथे इतकी यंत्रे व वाहने आहेत, तेथे डिझेल आणि वंगण यांचा राबता असणारच. आणि ह्या शहराच्या दक्षिणेस नर्मदा वाहते, तर पश्चिमेस गहू-हरभऱ्याची काळी, चिकण जमीन पसरलेली आहे. येथील माती तेलाने बिघडली तर ती शुद्ध कशी करता येईल, ह्या प्रश्नाच्या उत्तरातच ह्या विषयाचे सारे शास्त्र सामावलेले आहे.

तेलकट माती खणून भट्टीत जाळता येते, दूर नेऊन पुरता येते किंवा रसायनांनी धुता येते. पहिला उपाय खर्चाचा आहे, दुसऱ्याने रोग एका गावाहून दुसऱ्या गावास जातो आणि तिसऱ्याने घाण मातीतून पाण्यात येते. चौथा उपाय सूक्ष्मजंतूंचा. त्याविषयी लोकांत अशी समजूत आढळते की, तेल खाणारा एखादा विशेष जंतू प्रयोगशाळेत तयार होतो आणि त्याची भुकटी शिंपडली की काम झाले. वस्तुस्थिती निराळी आहे. तेल खाणारे जंतू बहुतेक प्रत्येक मातीत मूळचेच असतात. उणीव असते ती हवेची, ओलाव्याची आणि खताची. ती ज्याने भरून काढली, त्याचे काम जंतू करितात.

तेलाची घडण

खनिज तेल हा एक पदार्थ नसून सहस्रावधी पदार्थांचे मिश्रण आहे. त्यातील बहुतेक पदार्थ कार्बन व हायड्रोजन ह्या दोनच मूलद्रव्यांचे बनलेले असतात. म्हणून त्यांस हायड्रोकार्बने म्हणतात. काहींत कार्बनचे अणू साखळीच्या कड्यांप्रमाणे सरळ ओळीत जोडलेले असतात. काहींत साखळीस फाटे फुटलेले असतात, तर काहींत अणूंचे वलय असते. बेंझीन हे वलयाचे साधे उदाहरण होय. अशी अनेक वलये एकमेकांस चिकटून झालेले पदार्थ जड व चिवट असतात, आणि डांबरासारखे पदार्थ तर त्यांहूनही गुंतागुंतीचे असतात.

जंतूंच्या दृष्टीने हा क्रम म्हणजे सुलभ अन्नाकडून दुर्घट अन्नाकडे जाणारा क्रम आहे. मध्यम लांबीच्या सरळ साखळ्या सर्वांत लवकर पचतात. फाटे फुटलेल्या साखळ्या व लहान वलये त्यांच्या मागून जातात. अनेक वलयांचे पदार्थ महिनोगणती टिकतात आणि डांबरी अंशाला तर जंतू सहसा शिवत नाहीत. यामुळेच डिझेलने बिघडलेली माती जितक्या लवकर सुधारते, तितक्या लवकर जड इंधन तेलाने किंवा गराजमधील जळक्या ऑइलने बिघडलेली माती सुधारत नाही.

जंतू तेल कसे पचवितात

डच शास्त्रज्ञ झोनगेन यांनी १९१३ साली असे दाखविले की, पेट्रोल, रॉकेल व पॅराफिन ह्यांवर उपजीविका करणारे जंतू निसर्गात सर्वत्र आढळतात. अमेरिकेतील क्लॉड झोबेल यांनी १९४६ साली ह्या विषयाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. स्यूडोमोनस, ॲसिनेटोबॅक्टर, ऱ्होडोकॉकस ही मातीतील अशा जीवाणूंची परिचित नावे होत. अनेक बुरशीही हे काम करितात. स्वच्छ मातीत अशा जंतूंचे प्रमाण अगदी अल्प, हजारात एकाहूनही कमी असते. परंतु एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जंतू असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे हा अल्पांशही पुष्कळ ठरतो. मातीत तेल पडले की इतर जंतू मागे पडतात व ह्यांची संख्या काही दिवसांतच अनेक पटींनी वाढते.

पहिली अडचण अशी की, तेल पाण्यात विरघळत नाही आणि जंतू तर पाण्यात राहणारा. काही जंतू स्वतःच साबणासारखे द्रव्य स्रवून ती दूर करितात. त्या द्रव्याने तेलाचे सूक्ष्म थेंब होतात व जंतूंस त्यांवर चिकटून बसता येते. मग खऱ्या कामास आरंभ होतो. हायड्रोकार्बनाची साखळी रसायनदृष्ट्या फार थंड असते. तिला सहजासहजी कशाशीही संयोग नको असतो. जंतूजवळील एक विशेष विकर हवेतील ऑक्सिजनचा एक अणू साखळीच्या टोकास जोडून देते. ही पहिली पायरीच सर्वांत कठीण. ती ओलांडली की टोकाचे प्रथम अल्कोहॉल, मग आल्डिहाइड आणि शेवटी स्निग्धाम्ल बनते. स्निग्धाम्ल म्हणजे तूप व गोडेतेल यांतला घटक. तो कसा पचवावयाचा, हे बहुतेक सजीवांस ठाऊक असते. यापुढे जंतू त्या साखळीचे दोन-दोन कार्बनांचे तुकडे तोडून घेतो. काही तुकडे जळून कार्बन डायऑक्साइड व पाणी होतात आणि त्यातून त्यास शक्ती मिळते. उरलेल्या तुकड्यांतून नवे जंतू घडतात. वलयाच्या बाबतीतही रीत हीच. आधी ऑक्सिजनने वलय फोडावयाचे आणि मग उघडलेली साखळी पचवावयाची.

कशाची उणीव पडते

वरील वर्णनावरून ऑक्सिजनचे महत्त्व ध्यानी येईल. सोळा कार्बनांची सरळ साखळी असलेले एक किलोग्रॅम तेल पूर्णपणे जाळावयास सुमारे साडेतीन किलोग्रॅम ऑक्सिजन लागतो. इतका ऑक्सिजन साडेबारा घनमीटर हवेत, म्हणजे एका लहानशा खोलीभर हवेत मिळतो. परंतु तोच पाण्यात विरघळलेल्या स्थितीत मिळवावयाचा म्हटल्यास सुमारे चार लाख चाळीस हजार लिटर पाणी लागेल. कारण लिटरभर कोमट पाण्यात आठ मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. त्यातच, पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतील वेगाच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतका कमी असतो. मातीची छिद्रे पाण्याने भरली की आतले जंतू गुदमरतात. हवेविना तेल पचविणारे काही जंतू आहेत, परंतु त्यांची गती फार मंद असते.

दुसरी उणीव नत्र व स्फुरद यांची. तेलात कार्बन भरपूर, परंतु जंतूचे शरीर घडविण्यास लागणारी ही दोन द्रव्ये जवळजवळ नसतात. केवळ भातावर वाढणाऱ्या मुलासारखी जंतूंची स्थिती होते; पोट भरते, अंग धरत नाही. सामान्यतः कार्बनच्या शंभर भागांस नत्राचे दहा व स्फुरदाचा एक भाग, असे प्रमाण आधारास घेतात. एक किलोग्रॅम डिझेलमध्ये सुमारे ८५० ग्रॅम कार्बन असतो. त्यास ८५ ग्रॅम नत्र लागेल आणि ते सुमारे १८५ ग्रॅम युरियातून मिळेल. हे खत एकदम देणे मात्र हितावह नसते. त्यातून निघणारा अमोनिया जंतूंसच मारक होतो आणि उरलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने विहिरीत उतरते. ते हप्त्याहप्त्याने द्यावे लागते.

तिसरी गोष्ट ओलावा व चौथी उष्णता. माती वाफशावर असावी, म्हणजे मुठीत धरल्यास गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. उष्णता दहा अंशांनी उतरली की जंतूंचे काम साधारणतः निम्म्यावर येते. ह्या बाबतीत आपल्या देशाचे हवामान जंतूंस अनुकूल आहे.

अलास्काचा धडा

ह्या तत्त्वाची सर्वांत मोठी परीक्षा थंड प्रदेशात झाली. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि सुमारे ३७ हजार टन कच्चे तेल समुद्रात गेले. तेलाने माखलेल्या गोट्यांचा किनारा धुऊन काढण्याबरोबरच शंभर किलोमीटरांहून अधिक लांबीच्या किनाऱ्यावर नत्र व स्फुरदयुक्त खत घालण्यात आले. नवे जंतू आणून सोडण्याचे कारण पडले नाही. तेथलेच जंतू खत मिळताच अधिक वेगाने कामास लागले. पुढील अभ्यासात असे आढळले की, तेल नाहीसे होण्याचा वेग मुख्यतः गोट्यांमधील पाण्यात किती नत्र पोचले, यावर अवलंबून होता.

ह्या धड्यास दुसरी बाजूही आहे. २००१ नंतर केलेल्या पाहणीत त्याच किनाऱ्यावर गोट्यांच्या खाली काही ठिकाणी तेल अजून ओलसर स्थितीत सापडले. तेथे ते खाणारे जंतू होते, परंतु त्या थरापर्यंत ऑक्सिजन पोचत नव्हता. आपल्याकडे ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ ह्या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल समुद्रात सांडले व ते खारफुटीच्या चिखलापर्यंत पोचले. खारफुटीच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर हवा नसते. ह्याच कारणाने अशा जागी शिरलेल्या तेलाची चिंता उघड्या वाळूवरील तेलाहून अधिक असते.

काळ्या मातीचा स्वभाव

जबलपूरच्या पश्चिमेकडील जमिनीस तेथील शेतकरी ‘काबर’ म्हणतात. तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते व वाळली की आकसते. वैशाखात तिला खोल भेगा पडतात आणि आषाढात तीच माती लोण्यासारखी घट्ट मिटते. ह्या दोन्ही अवस्था तेलाच्या दृष्टीने अडचणीच्या आहेत. उन्हाळ्यात सांडलेले तेल भेगांवाटे नांगराच्या तासाखाली निघून जाते. पावसाळ्यात भेगा मिटून ते तेथेच कोंडले जाते. हवा वरच्यावर राहते आणि तेल खालच्या खाली.

ह्या मातीचा स्वभाव जबलपूरचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ओळखून होते. तेथे ‘हवेली’ नावाची शेतीची एक पद्धत होती. शेतास उंच बांध घालून पावसाळाभर पाणी साठवावयाचे आणि आश्विनाच्या सुमारास ते सोडून देऊन गहू-हरभरा पेरावयाचा, अशी ती पद्धत. पाण्याखाली तण गुदमरून मरत असे व जमिनीत ओल टिकत असे. धान व सोयाबीन आल्यापासून ही पद्धत बरीच मागे पडली आहे. परंतु तिच्यातील तत्त्व येथे उपयोगी पडते. कोंडलेल्या पाण्याने जसे तण गुदमरते, तसे तेल खाणारे जंतूही गुदमरतात. अशा जमिनीत सांडलेले तेल पावसाळ्याचे तीन-चार महिने जवळजवळ जसेच्या तसे राहील, हे त्यावरून उघड होते.

काळ्या मातीत गुणही आहेत. ती किंचित अल्कधर्मी असते आणि ते जंतूंस मानवते. तिची जलधारणा मोठी असल्यामुळे ओलावा लवकर जात नाही. नत्र मात्र तिच्यात कमी असते. उपाय योजताना हवा व नत्र ह्या दोन गोष्टींकडे प्रथम पाहिले पाहिजे, असा ह्या सर्वांचा निष्कर्ष निघतो.

मातीची मशागत

ज्या रीतीने अशी माती शुद्ध करितात, ती शेतीहून फारशी निराळी नाही. आधी तेलाची गळती बंद करावयाची व वर साचलेले तेल उपसून घ्यावयाचे. मग बिघडलेली माती खणून, खाली पाणी न झिरपणारे अस्तर घातलेल्या व भोवती बांध असलेल्या वाफ्यात वीतभर जाडीच्या थरात पसरावयाची. बांधावाचून पहिल्याच पावसात तेल नाल्यात जाईल. काळ्या मातीची ढेकळे जंतूंस हवा पोचू देत नाहीत. म्हणून तिच्यात गव्हाचा भुसा किंवा भाताचे तूस मिसळून ती भुसभुशीत करितात. कुजलेले शेणखत घातल्यास जंतूंची भर पडते. त्यानंतर युरिया व सुपरफॉस्फेट ठरल्या हप्त्यांनी द्यावयाचे, वाफसा राखावयाचा आणि आठ-पंधरा दिवसांनी माती नांगरून खालीवर करावयाची. वर्षाकाळी वाफा झाकून घ्यावा लागतो. जबलपूरसारख्या, वर्षास सुमारे तेराशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या ठिकाणी पाऊस सरल्यापासून पुढील पावसापर्यंतचे आठ महिनेच खऱ्या कामाचे होत. त्यांतही पौषातील थंडीत गती मंदावते आणि वैशाखात माती वाळू न देणे हेच मुख्य काम होऊन बसते.

माती खणणे शक्य नसेल, तेथे नळ्या घालून जमिनीत हवा व खताचे पाणी सोडतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ॲम्ब्लर येथे १९७२ साली पेट्रोलची वाहिनी गळाली, तेव्हा रिचर्ड रेमंड यांनी ही रीत यशस्वी करून दाखविली. काळ्या, चिकण जमिनीत मात्र नळीतून सोडलेली हवा फार दूर जात नाही. तेथे नांगर हेच अधिक भरवशाचे साधन ठरते.

बाहेरून आणलेले जंतू

मग प्रयोगशाळेत निवडलेल्या जंतूंस काही स्थान नाही काय? आहे, परंतु ते मर्यादित आहे. आनंद मोहन चक्रवर्ती ह्या भारतीय शास्त्रज्ञांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना चार निरनिराळ्या जीवाणूंची तेल पचविण्याची शक्ती एकाच स्यूडोमोनस जीवाणूत आणली. ह्या जीवाणूच्या पेटंटचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूने निकाल लागला. सजीवावर पेटंट मिळू शकते, हे त्याने ठरविले. जगाच्या इतिहासात हा निकाल मोठा ठरला, तरी तो जीवाणू तेलाच्या गळतीवर प्रत्यक्ष कधी सोडण्यात आला नाही. प्रयोगशाळेतील लाडका जीव उघड्या निसर्गात मूळच्या रहिवाशांपुढे क्वचितच टिकतो.

भारतात दुसरा मार्ग चोखाळण्यात आला. दिल्लीच्या टेरी ह्या संस्थेने भारतीय मातीतूनच तेल पचविणारे जीवाणू निवडून त्यांचे मिश्रण सिद्ध केले. दाणे काढून घेतलेल्या मक्याच्या कणसांच्या भुकटीत ते जिवंत राखले जातात. ‘ऑइलझॅपर’ ह्या नावाने ते तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या व तेलक्षेत्रांच्या गाळावर वापरले गेले आहे. २००७ साली टेरी व तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळ यांनी ह्या कामासाठी संयुक्त कंपनी स्थापन केली. ज्या गाळात तेलाचे प्रमाण इतके अधिक असते की मूळचे जंतू थोडेच उरलेले असतात, तेथे असे मिश्रण कामाचा आरंभ लवकर करून देते. पण त्यानंतर नांगरणी, पाणी व खत हीच कामे करावी लागतात. विरजण कितीही चांगले असले, तरी दुधास योग्य उबारा नसेल तर दही लागत नाही. तोच हा न्याय.

मातीतील जंतूंची ही शक्ती केवळ तेलापुरती नाही. जबलपूर येथेच १९८९ साली स्थापन झालेले तणविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आज तण संशोधन निदेशालय म्हणून ओळखले जाते. शेतात फवारलेल्या तणनाशकांचे अवशेष मातीत किती काळ टिकतात, हा तेथील अभ्यासाचा एक विषय आहे. ते अवशेष नाहीसे करण्यातही मातीतील जंतूंचा मोठा वाटा असतो आणि त्यांसही हवा, ओल व उष्णता यांचेच बंधन असते.

परीक्षा व मर्यादा

माती शुद्ध झाली, हे डोळ्यांनी वा नाकाने ठरवू नये. पेट्रोल व डिझेल यांचा हलका भाग जंतूंवाचूनही उडून जातो. जबलपूरच्या उन्हाळ्यात तर तो विशेष लवकर उडतो. नांगरून सुधारलेल्या वाफ्याशेजारी काहीही न केलेला एक वाफा ठेवावा आणि दोहोंतील तेल ठराविक काळाने प्रयोगशाळेत मोजावे. दोहोंत जे अंतर पडेल, तेवढेच उपायाचे श्रेय होय. अशा तुलनेवाचून केलेले दावे, मग ते कितीही आकर्षक असोत, शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीत.

काही गोष्टी तर जंतूंच्या आटोक्याबाहेरच्या आहेत. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू असतात. जंतू तेलाचे पाणी व वायू करू शकेल. शिशाचे तो काहीच करू शकणार नाही, कारण मूलद्रव्यास नाश नाही. वापरलेले वंगण मातीवर वा गटारात ओतणे ही सर्वांत महाग पडणारी काटकसर होय. भारतात २०१६ च्या नियमांनुसार असे तेल घातक कचऱ्यात गणले जाते व ते अधिकृत केंद्रांकडेच देणे बंधनकारक आहे. डबाभर जळके ऑइल योग्य ठिकाणी पोचविण्यास एक फेरी पुरते. तेच मातीत मुरले तर ती माती पूर्ववत करण्यास जंतूंस अनेक महिने लागतात आणि त्यातील धातू तेथेच राहतात.

मातीवर प्रेम करणाऱ्या शेतकऱ्यास ह्या शास्त्रात अपरिचित असे फार थोडे आढळेल. वेळेवर नांगरट, बेताचे पाणी, मोजके खत आणि पीक हाती येईपर्यंतचा धीर ह्या त्याच्या नित्याच्या गोष्टी. येथे पीक जंतूंचे आहे आणि उत्पन्न म्हणून मिळते ती पुन्हा पिकू लागलेली जमीन व पिण्याजोगे राहिलेले विहिरीचे पाणी.